नदीनं वाट सोडली की पठारावर तळं कसं उभं राहतं

प्रश्न इंदूरच्याच एका गृहस्थांचा आहे, थोडक्यात सांगतो. ते जूनमधे बायकामुलांना घेऊन लडाखला गेले होते, पँगाँगच्या वाटेवर टांगत्सेच्या पुढे ड्रायव्हर सहज बोलून गेला की साहेब, हे तळं आधी नदी होतं, बाजूच्या नाल्यानं दगडगोटे आणून तिचं तोंड बंद केलं आणि मग झालं तळं. यांना काही ते पटेना. एवढ्या मोठ्या नदीला एवढासा नाला कसा अडवेल? आणि तसं होत असेल तर आपला माळवापण पठारच आहे की, मग इथे का नाही असं एकही तळं, इथली तर सगळी होळकरांच्या काळात बांध घालून केलेली.

ड्रायव्हर बरोबर बोलला. शंभर टक्के नाही, पण बऱ्याच गाइड लोकांपेक्षा बरोबर. मी भूगर्भशास्त्रवाला माणूस, तीसेक वर्षं बोअरवेल, तलाव, नाले यांच्या मागे माळवाभर फिरलो आणि त्यातले काही उन्हाळे लडाखमधे काढले, म्हणून लिहायची हिंमत करतोय. उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, नदीला पाणी अडवत नाही, मलबा अडवतो. आणि मलबा कोण जास्त आणतं? मोठी नदी नाही, बाजूचा उतारावरचा नाला. पठारावरची मोठी नदी लांबलचक सपाट दरीतून चालते, उतार इतका कमी की पाणी कुठल्या बाजूला चाललंय हे कळायला काडी टाकून बघावी लागते, अशा नदीच्या अंगात रेती आणि बारीक गाळ ओढण्याएवढाच दम असतो. बाजूचा नाला मात्र डोंगरावरून धाडकन खाली येतो, वर्षातले अकरा महिने कोरडा, आणि एखाद्या दिवशी ढग फुटला की पाणी, चिखल आणि घमेल्याएवढे दगड सगळं एकत्र घेऊन येतो, सिमेंटच्या मिक्सरसारखं. दरीत आल्यावर उतार संपला की तो सगळा माल तिथेच टाकतो. पसरलेला हात असतो ना, मनगट डोंगराच्या खिंडीत आणि बोटं दरीत, तसा आकार होतो. शाळेच्या पुस्तकात याला पंखाकृती मैदान म्हणतात. हा पंखा वर्षानुवर्षं वाढत जातो आणि एक दिवस समोरच्या डोंगराला जाऊन टेकतो. आता मुख्य नदी काय करणार? तिच्यात दम असेल तर ती पंख्याचं टोक रोज थोडं थोडं खात राहते आणि वाट मोकळी ठेवते. दम नसेल तर मागे तुंबते.

म्हणजे मामला नाला मोठा की नदी मोठी असा नाहीच आहे, नाला जेवढं आणतोय तेवढं उचलून न्यायची नदीची ऐपत आहे का, एवढाच आहे. आणि ऐपत कधी कमी होते, तर हवामान कोरडं झाल्यावर. वरचे बर्फ आटले, पाऊस कमी झाला, नदी क्षीण झाली, पण नाल्याचा एखाद्या दिवसाचा तमाशा चालूच राहिला. कर्ता माणूस आजारी पडला की घरात ज्याचं कधी चाललं नाही त्याचंही चालायला लागतं, तसंच.

पँगाँगचं असंच झालं. आजचं तळं सव्वाचार हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे, लांबी सुमारे १३४ किलोमीटर आणि रुंदी जास्तीत जास्त पाचेक किलोमीटर. हा आकारच सांगतो की ही दरी आहे, खड्डा नव्हे. पूर्वी हे पाणी पश्चिमेला मुगलिब, टांगत्से असं जाऊन श्योकला मिळायचं आणि श्योक सिंधूला. जुन्या काठांवर, आजच्या पाण्याच्या बऱ्याच वर, गोड्या पाण्यातल्या शिंपल्या सापडतात. आज पश्चिमेकडचं म्हणजे आपल्या बाजूचं पाणी खारं आहे. शिंपल्या गोड्या पाण्याच्या आणि पाणी खारं, याचा अर्थ मधल्या काळात बाहेर जायची वाट बंद झाली. वाहतं पाणी मीठ बरोबर घेऊन जातं, कोंडलेलं पाणी उडून जातं आणि मीठ मागे सोडतं. पूर्वेकडचा भाग, जिथे नद्यांचं ताजं पाणी येतं, तो अजून गोडा आहे. एकाच तळ्याचं एक टोक गोडं आणि एक टोक खारं, लोकांना हे सांगितलं तर गप्पा मारतोय असं वाटतं.

पूर्ण बरोबर नाही असं का म्हटलं, तर यावर भांडण फार जुनं आहे. १८७०च्या दशकात फ्रेडरिक ड्र्यू नावाचा इंग्रज भूगर्भवाला, काश्मीरच्या महाराजांच्या नोकरीत होता, तो पंख्याच्या बाजूचा, म्हणजे तुमच्या ड्रायव्हरच्याच बाजूचा. १९०६मधे एल्सवर्थ हंटिंग्टन या अमेरिकनानं लिहिलं की नाही बुवा, ही दरी हिमनदीनं खोल कोरलेली आहे, नुसत्या पंख्यानं एवढं होत नाही. मला विचाराल तर दोघंही थोडे थोडे बरोबर. दरीतून काराकोरम फॉल्ट, म्हणजे जमिनीतली एक मोठी भेग, जाते, तिनं दरीची दिशा ठरवली, बर्फानं तळ खोल केला, आणि दाराला कडी नाल्यांच्या मलब्यानं लावली. आणि ती कडी काही एकदाच लागली असंही नाही. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी या तळ्याचं बरंच पाणी एकदम बाहेर फुटून वाहून गेलं होतं, त्याच्या खुणा खालच्या दरीत अभ्यासकांना मिळाल्यात. म्हणजे बंद, मग फुटलं, मग परत बंद.

त्सो मोरिरीचंही तेच. ४,५२२ मीटरवर आहे, त्याची वाट दक्षिणेकडून पारे चू, तिथून स्पिती, तिथून सतलज अशी होती, ती बंद पडली आणि आता ते कोंडलेलं तळं आहे. तिथून उत्तर-पश्चिमेला त्सो कार, ते तर पार खारं, काठावर पांढरा थर, आणि आजूबाजूच्या उतारांवर बघितलं तर आजच्या पाण्याच्या खूप वरपर्यंत एकाखाली एक आडव्या रेघा दिसतात. त्या जुन्या काठांच्या रेघा. बाथटबला मळाच्या रेघा राहतात ना, तशा.

आता दुसरी गंमत, पंख्याचा नाला स्वतःच जागा बदलतो. पंख्यावर नाला एका वाटेनं चालला की तीच वाट मलब्यानं भरून उंच होते, मग पाणी बाजूच्या खोलगट वाटेनं घुसतं, ती भरली की तिसरी. २००८च्या ऑगस्टमधे बिहारकडे येणाऱ्या कोसी नदीनं नेपाळमधल्या कुसहाजवळ बांध फोडून जुन्या पात्रात उडी मारली होती, आठवत असेल, कोसीपण अशाच एका अवाढव्य पंख्यावर चालते. मैदानात असं झालं की पूर येतो आणि पाणी कधी ना कधी समुद्राकडे जातं. बंद पठारावर असं झालं तर पाण्याला जायला समुद्रच नसतो, ते एका खोलगट भागातून दुसऱ्या खोलगट भागात जातं. एक तळं आटतं, दुसरं उभं राहतं.

बोलिव्हियाच्या आल्टिप्लानो या उंच पठारावर हेच बघायला मिळतं. टिटिकाका तळं ३,८१२ मीटरवर, तिथे येणारं बहुतेक पाणी उन्हावाऱ्यानं उडून जातं, उरलेलं थोडं देसाग्वादेरो नदी दक्षिणेला पोओपो तळ्याकडे नेते. ओरुरो शहराजवळ ही नदी इतकी सपाट जागेवर येते की तिचं पात्र तिलाच पक्कं माहीत नसतं, फाटे फुटतात, गाळ भरतो, वाट सरकते. अशाच सरकण्यानं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे उरु उरु नावाचं उथळ तळं उभं राहिलं. जिथे आधी माळ होता तिथे फ्लेमिंगो उतरायला लागले. आणि पोओपो? ते २०१५च्या डिसेंबरमधे पार आटलं असं तिथल्या सरकारनं जाहीर केलं. त्याची कारणं बरीच आहेत, दुष्काळ, शेतीला उचललेलं पाणी, खाणींचा गाळ, सगळा दोष नदीच्या सरकण्यावर ढकलायचा नाही. पण एवढं खरं की उथळ तळं असलं की नदीनं जरा पाठ फिरवली तरी खेळ संपतो.

त्याहून ठळक उदाहरण तिबेटच्या पठारावरचं, होह शिल भागातलं. साडेचार हजार मीटरच्या वर, माणसाची वस्ती जवळपास नाही, चिरू म्हणजे तिबेटी हरणं दर उन्हाळ्यात व्यायला झोनाग तळ्याच्या काठी येतात. काही वर्षं पाऊस बरा झाला, तळं भरत गेलं, आणि २०११च्या सप्टेंबरमधे एका बाजूनं काठ फुटला. पाणी सैल मातीतून घळ कापत निघालं, आधी कुसाई तळ्यात, ते भरून सांडलं तर हायदिंग नोरमधे, आणि शेवटी यानहू म्हणजे नावच खारं तळं, तिथे. झोनाग सुमारे २७० चौरस किलोमीटरचं होतं ते १६०च्या आसपास आलं. यानहू चाळीस-पंचेचाळीसचं होतं ते २०१९पर्यंत दोनशेच्या वर गेलं. म्हणजे एक बारकी घळ काय कापली गेली, चार वेगवेगळी तळी एका साखळीत आली. पुढे ल्हासाची रेल्वे आणि हायवे होते, यानहू सांडलं तर तेच वाहून जातील म्हणून २०१९मधे चिन्यांनी चर खणून ते पाणी हळूहळू बाहेर काढलं. ते आता चुमार नदीमार्गे यांगत्झेला जातं. जे पाणी हजारो वर्षं पठारावरच कोंडलेलं होतं ते आज समुद्रापर्यंत पोचतंय. आणि झोनागचा उघडा पडलेला तळ? त्याची धूळ उडते, त्या हरणांच्या अंगावर.

इथे एक हिशेब समजून घ्या, कारण नवं तळं किती मोठं होणार हे लोक नेहमी चुकीचं सांगतात. कोंडलेल्या तळ्यात पाणी चढत जातं ते बांध किती उंच आहे तेवढं नाही, तर जेवढं येतं तेवढं उडून जाईल इतकं पसरेपर्यंत. समजा वर्षाला १० कोटी घनमीटर पाणी येतं आणि पावसाचं वजा करून वर्षाला १ मीटर थर उडतो. तर तळं १०० चौरस किलोमीटर झालं की थांबेल, त्याच्या वर चढणार नाही. १० कोटी भागिले १, झाले १० कोटी चौरस मीटर, म्हणजेच १०० चौरस किलोमीटर. पाणी निम्मं झालं तर ५०. म्हणून पठारावरची तळी श्वास घेतल्यासारखी फुगतात-आकसतात, आणि म्हणून त्या रेघा. आणि तेवढ्यात पाणी बांधाच्या माथ्याला लागलं तर मात्र हा हिशेब बंद, सांडायला लागतं, आणि सांडणारं पाणी सैल मलबा कापतं. कापल्यावर जास्त पाणी, जास्त पाणी म्हणून आणखी खोल कापणार. तास-दोन तासात सगळं बदलतं.

दरडीनं झालेली तळी वेगळी, पण लोक ती यातच घालतात म्हणून दोन शब्द. २०१४च्या ३१ डिसेंबरला झंस्कारमधे फुकतालच्या बाजूला त्साराप नदीवर दरड पडली, थंडीत नदी गोठलेली, मागे कित्येक किलोमीटर लांब तळं साठत गेलं, आणि ७ मे २०१५ला ते फुटलं, खालचे पूल गेले, माणसं वाचली कारण आधीपासून लक्ष ठेवून होते. पारे चूवर तिबेटच्या बाजूला २००४मधे असंच झालं आणि २६ जून २००५ला हिमाचलमधे सतलजला पूर आला. उलट पामीरमधे १९११च्या भूकंपात मुरगाब नदीवर जो डोंगर कोसळला तो साडेपाचशे मीटरच्या वर उंच आहे आणि त्याच्यामागचं सारेझ तळं आजही तसंच उभं आहे. दरडीचं तळं एक तर पहिल्या वर्षात जातं नाही तर मग टिकतं, मधलं क्वचित. पंख्याचं तळं तसं नाही, त्याला बांधणारा नाला दर पावसात दुरुस्ती करून जातो.

लामायुरूला सगळे ‘मूनलँड’ म्हणून फोटो काढतात ना, पिवळी माती, वारुळासारखे सुळके. ती माती म्हणजे तळ्याचा गाळ आहे. दरडींनी नदी अडली होती, हजारो वर्षं तळं राहिलं, तळाशी गाळ बसत गेला, मग बांध कापला गेला आणि तळाची गादी उघडी पडली. चंद्राचा काही संबंध नाही.

आणखी एक प्रकार असतो, जमीनच कलते. आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया तळं घ्या, १,१३४ मीटरवरचं पूर्व आफ्रिकेचं पठार. तिथल्या कागेरा, काटोंगा, काफू या नद्या पूर्वी पूर्वेकडून पश्चिमेला वाहायच्या. पश्चिमेकडची खचदरी तयार होताना तिची कड उचलली गेली, नद्यांच्या समोर चढ आला आणि त्या उलट्या फिरल्या. पाणी मागे साचलं आणि त्याचं झालं सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटरचं तळं, पण खोल किती, जेमतेम ८० मीटर. एवढं मोठं तळं आणि इतकं उथळ, कारण तो खड्डा नाहीये, बुडालेली सपाट जमीन आहे. शेजारचं क्योगा नकाशात बघा, झाडाच्या फांद्यांसारखं दिसेल, प्रत्येक फांदी म्हणजे एक बुडालेली उपनदी. काटोंगाचं तर आजही मधल्या दलदलीतून थोडं पाणी पूर्वेला जातं, थोडं पश्चिमेला. ही नदी मला फार आवडते, का ते शेवटी सांगतो.

नालाकृती सरोवरं सगळ्यांना शाळेतून माहीत असतात, नागमोडी नदीनं वळण तोडलं की मागे घोड्याच्या नालेसारखं तळं राहतं. ती उंच पठारावरही होतात, पिवळ्या नदीच्या पहिल्या वळणाजवळ झोइगेच्या गवताळ भागात, साडेतीन हजार मीटरच्या आसपास, शेकड्यानं आहेत. पण ती लहान, आणि दहा-वीस पिढ्यांत गवतानं भरून जातात. एवढं पुरे.

आता माळवा. हा प्रश्न खरा आवडला कारण इंदूरला राहून मी हा कधी कुणाकडून ऐकला नव्हता.

माळवा पठार आहे पण बंद नाहीये. इंदूर साडेपाचशे मीटरवर आणि इथून उतार सरळ उत्तरेला, कान्ह क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. दक्षिणेला तर विंध्याचा कडाच आहे, महूच्या पुढे जमीन संपते आणि खाली नर्मदा. पाण्याला दोन्हीकडे दार उघडं आहे. दुसरं, आपला दगड. बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा काळा दगड, कुजला की त्याची काळी माती होते, बारीक, पाण्यात मिसळून वाहून जाते, त्याचे गोटे फार दूरवर पसरत नाहीत. लडाखमधे रात्रीचं बर्फ दगडाच्या फटीत घुसून तो फोडतं, वर झाडझुडूप काही नाही, उतारावर खडीचे ढीग तयार असतात, फक्त पाऊस पडायची खोटी. २०१०च्या ऑगस्टमधे ढगफुटीनं लेहला काय झालं ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. तिसरं, पाऊस. लेहला वर्षाला १०० मिलीमीटरच्या आसपास, इंदूरला ९००च्या वर आणि तोही चार महिन्यांत. असल्या नदीला कुठला पंखा अडवणार, एका श्रावणात साफ करून टाकेल. चौथं, माळव्याचं वय. हा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तळी ही अल्पायुषी चीज आहे, गाळानं भरतात नाही तर कापली जातात. इथे कधी झाली असतील तर ती केव्हाच संपली.

पण नदीनं वाट बदलणं इथेही चालू आहे, फक्त उलट्या दिशेनं. जानापावच्या टेकडीवर जा, ८५४ मीटर, परशुरामाचं देऊळ आहे, कार्तिकी पौर्णिमेला जत्रा भरते. तिथून साडेसात नद्या निघतात असं लोक म्हणतात, ती साडे कुठली हे विचारू नका. चंबळ आणि गंभीर उत्तरेला उतरतात, चोरल दक्षिणेला. उत्तरेच्या नद्यांना शेकडो किलोमीटर जायचंय, उतार आरामाचा. चोरलला मात्र पातालपाणीला थेट उडी मारून नर्मदेकडे जायचंय. उतार जास्त त्या नदीत कापायचा जोर जास्त, म्हणून ती मागे मागे सरकत पठार खात चाललीये. कधी तरी, लाखो वर्षांच्या हिशेबात, ती उत्तरेकडच्या एखाद्या नाल्याचं डोकं पकडेल आणि त्याचं पाणी आपल्याकडे ओढून घेईल. याला नदीचं अपहरण म्हणतात. तिथे तळं होणार नाही, उलट उरलेलं जुनं पात्र कोरडं पडेल. १९७८पासून आपण पंप लावून नर्मदा वर इंदूरला आणतोय आणि चोरल हळूच वरचं पाणी खाली नेतेय, मला याचं नेहमी हसू येतं.

आणि होळकरांच्या काळातल्या लोकांनी काय केलं, तर जे लडाखचा नाला करतो तेच हातानं केलं. सिरपूर, बिलावली, पिपल्यापाला, नाल्याच्या आडवी मातीची पाळ. गंभीरवरचा यशवंत सागरही त्याच जातीचा, फक्त पक्का बांधलेला. सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही २०२२मधे रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले, त्याच यादीत त्सो मोरिरी २००२पासून आहे आणि त्सो कार २०२०पासून. पक्ष्यांना पाळ कुणी घातली याच्याशी घेणं नाही.

एक किस्सा सांगतोच, कारण हे सगळं मला खरं समजलं ते लडाखमधे नाही, बायपासच्या बाजूच्या एका कॉलनीत. नाव घेत नाही, बिल्डरचंही नाही. कॉलनीच्या मागून एक नाला जायचा, फूटभर पाण्याचा, उन्हाळ्यात कोरडा. शेजारच्या प्लॉटचा पाया खणला त्याचा सगळा मलबा, मुरूम, फुटक्या विटा, या लोकांनी नाल्याच्या काठावर उताराला टाकला, म्हणे भिंत घालणार आहोत. पहिल्या पावसात तो घसरून नाल्यात आला, अगदी पंख्याच्या आकारात, मी फोटो काढून ठेवलाय. नाल्यानं काय केलं, भांडला नाही, सरळ डावीकडे वळला आणि सी ब्लॉकच्या पार्किंगमधे शिरला. दोन वर्षं तिथे तळं होतं. बेडूक, शेवाळ, पोरं गळ टाकून बसायची, एका आजोबांनी तर कमळाचे कंद आणून सोडले. मला बोलावलं तेव्हा कंपाउंडच्या भिंतीवर तीन पांढऱ्या रेघा होत्या, प्रत्येक उन्हाळ्यात पाणी जिथे थांबून आटलं तिथे क्षार फुललेले, बोट लावलं तर पीठ लागावं तसं. त्सो कारची आठवण झाली, खोटं नाही बोलत.

मी सांगितलं की एकदम फोडू नका, आधी उन्हाळ्यात पंपानं खाली करा, मग मलबा वरून थरथर काढा, आणि जुनं पात्र आधी साफ करून ठेवा. ऐकतंय कोण. जुलैमधे, भर पावसात, कुणीतरी जेसीबी बोलावून पंख्याच्या मधोमध एक चर मारला, हातभर रुंद. दीड तासात तो चर जेसीबीच्या बादलीपेक्षा रुंद झाला आणि खालच्या कॉलनीतल्या लोकांच्या स्कूट्या तरंगायला लागल्या. त्यानंतर सहा महिने दोन्ही कॉलन्यांची बोलचाल बंद होती आणि मधे मी, दोन्हीकडून शिव्या खाल्लेला सल्लागार.

तुम्हाला घरबसल्या बघायचं असेल तर गूगल अर्थवर असं करा. पँगाँगचं पश्चिम टोक, लुकुंग, तिथून मुगलिब आणि टांगत्सेपर्यंतची दरी उघडा आणि कॅमेरा आडवा करा, सरळ वरून बघून काही कळत नाही. तीन गोष्टी शोधा. दरी रुंद आहे आणि तिच्यात आज चालणारं पाणी अगदीच किडकिडीत, म्हणजे दरी कापणारी दुसरीच कुणी मोठी होती. दोन्ही बाजूंनी आलेले पंखे, त्यांची टोकं दरीच्या मधे कुठवर आलीत ते. आणि तळ्याच्या वर उतारांवर आडव्या रेघा. याच तीन खुणा जगात कुठेही लावा. फक्त एक लक्षात ठेवा, नुसता पंखा दिसला म्हणून लगेच त्यानं तळं केलं असं म्हणायचं नाही, पंख्याखालचा कडक दगड किती खोल आहे हे बोअर मारल्याशिवाय किंवा जमिनीत वीज सोडून टेस्ट केल्याशिवाय कळत नाही. हंटिंग्टन आणि ड्र्यूचं भांडण शेवटी याच मुद्द्यावर होतं.

पँगाँग परत वाहील का, हे तुम्ही विचारलं नाही पण मुलांनी विचारलंच असेल. वाहू शकतं. अडवणारा उंचवटा फार मोठा नाहीये, पाणी तिथवर चढलं तर सैल मलबा कापत निघेल आणि तळं परत गोडं व्हायला लागेल. सध्या तरी येणारं आणि उडून जाणारं यांचं साधारण जमलेलं आहे.

पुढच्या वेळी गेलात तर मुगलिबच्या पुढे गाडी थांबवा. तिथे हिरवं कुरण आहे, फ्या म्हणजे मार्मोट बाहेर येतात, लोक त्यांना बिस्किटं घालतात, ते करू नका. ड्रायव्हरला चहा पाजा, त्याला माझ्याकडूनही पाजा. आणि लुकुंगकडे चालत जाताना पायाखालचं पाणी कुठल्या बाजूला चाललंय ते बघत राहा. आधी ते तुमच्या पाठीकडे, टांगत्सेकडे जात असतं. मग एक पट्टा असा येतो जिथे ठरवता येत नाही, काटोंगाच्या दलदलीसारखाच, फक्त इथे दलदलीऐवजी खडी. मी एकदा त्या खडीवर माझी पाण्याची बाटली ओतून बघितली, इकडे जातं की तिकडे. कुठेच गेलं नाही, जागेवर मुरलं.